तो फोन कपाटात ठेवू नका: राज्यातल्या शाळांना आणि परीक्षा केंद्रांना एका आईचं खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांचे केंद्रसंचालक व पर्यवेक्षक

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी नववीत शिकते. तिच्या डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला ओव्हरकोटाच्या मोठ्या बटणाएवढी एक पांढरी चकती चिकटवलेली असते. मी शिवणकाम करते, म्हणून मला बटणच आठवतं. ही चकती तिच्या शरीरातली साखर मोजते, दिवसरात्र, दर काही मिनिटांनी, आणि आकडा तिच्या फोनवर पाठवते. आज लिहायला बसले ती त्या चकतीमुळे आणि त्याहून जास्त त्या फोनमुळे. शाळेला तो फोन इतर मुलांच्या फोनसारखाच दिसतो. आमच्यासाठी तो चकतीचा दुसरा अर्धा भाग आहे. दोन्ही अर्धे जवळ असले तरच ते यंत्र चालतं.

आधी आजाराबद्दल सांगते, कारण तिथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. तिसरीत असताना ती एकाएकी घागरभर पाणी प्यायला लागली, रात्रीतून चार-चारदा लघवीला उठू लागली, महिन्याभरात फ्रॉक अंगावर लोंबू लागले. मी दोन वेळा तिचे फ्रॉक आत घेतले आणि तरी माझ्या लक्षात आलं नाही. उलट्या सुरू झाल्यावर पोटाचं दुखणं म्हणून दोन दिवस औषध चाललं. तिसऱ्या दिवशी ती श्वास ओढायला लागली तेव्हा जिल्ह्याच्या गावी नेलं. साखर पाचशेच्या वर होती. चार दिवस अतिदक्षता विभागात काढले.

हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही. लाडाने होत नाही. आजोबांना साठीत झाला तो मधुमेहही हा नव्हे. शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, आणि त्यानंतर ते इन्सुलिन जन्मभर बाहेरून घ्यावं लागतं. गोळ्यांनी भागत नाही. पथ्याने, काढ्याने, कारल्याच्या रसाने तर नाहीच. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोच्या इस्पितळात लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. तो चौदा वर्षांचा होता. माझी मुलगी आज चौदा वर्षांची आहे. त्याच्या आधी या आजाराची मुलं उपाशी ठेवून काही महिने जगवत, एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. ते वाचल्यापासून रोज सकाळी फ्रिजमधून इन्सुलिनचं पेन काढताना मला तो मुलगा आठवतो.

इन्सुलिन जास्त झालं, जेवण कमी पडलं, खेळणं वाढलं की साखर घसरते. शाळेने ओळखायची ती मुख्यतः ही घसरण. सत्तरच्या खाली गेली की कमी, चोपन्नच्या खाली गेली की धोका. मेंदू साखरेवर चालतो, त्यामुळे सगळ्यात आधी डोकं चालेनासं होतं. हात थरथरतात, घाम येतो, मूल चिडचिड करतं किंवा गप्प होतं, विचारलेल्याचं भलतंच उत्तर देतं किंवा देतच नाही. शिक्षकांना ते उद्धट वाटू शकतं, झोपाळू वाटू शकतं. त्या क्षणी त्या मुलाला "मला त्रास होतोय" हे वाक्यही जुळवता येत नसतं.

पूर्वी आम्ही बोट टोचून साखर बघत होतो. दिवसातून सहा वेळा, कधी आठ. तिच्या बोटांची टोकं सुईकामवालीसारखी खरखरीत झाली होती. माझी तशी आहेत, पण माझी कामाने झाली. बोट टोचून त्या क्षणाचा आकडा कळतो. तो चढतोय की उतरतोय हे कळत नाही.

चकतीने ते कळायला लागलं. तिच्या खालून केसासारखी बारीक, लवचीक तार कातडीत जाते, साधारण पाच मिलिमीटर. बसवताना सुई आत जाते आणि लगेच बाहेर येते. मागे राहते ती तार. ती वाकते, दंडाबरोबर हलते, म्हणून खो-खो खेळताना किंवा कुशीवर झोपताना टोचत नाही. तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाच्या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, थर असतो. पेशींच्या मधल्या द्रवात जितकी साखर, तितकी त्या थरात क्रिया होते आणि तितका सूक्ष्म विद्युतप्रवाह निघतो. विकर आणि विजेच्या जोडीने साखर मोजायची ही कल्पना अमेरिकेतल्या लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडली होती. ती रुग्णाच्या अंगावर दिवसेंदिवस राहील अशी व्हायला पुढची काही दशकं गेली. अमेरिकेत असं पहिलं यंत्र मंजूर झालं १९९९ साली, तेही तीन दिवस चालणारं, आणि त्यातले आकडे नंतर डॉक्टरच बघत. आता दोन आठवडे चालणारी चकती चौदा वर्षांच्या मुलीच्या बाहीखाली बसते आणि आकडे ती स्वतः वाचते.

त्या आकड्याशेजारी एक बाण असतो. माझ्या मते त्या सगळ्या यंत्रातली सर्वात मोलाची गोष्ट तो बाण आहे. रक्तातल्या साखरेच्या मागे ही मोजणी पाच-दहा मिनिटं असते, त्यामुळे नुसत्या आकड्यावर विसंबता येत नाही. नव्वद आणि आडवा बाण म्हणजे पेपर लिहीत राहा. नव्वद आणि खाली तोंड केलेला बाण म्हणजे पेन ठेव आणि आत्ताच्या आत्ता काहीतरी खा. आकडा एकच, आणि दोन्हींत एका मुलीच्या शुद्धीचा फरक.

चकती चुकतेही, हे लपवत नाही. दंडावर दाब पडला, ती हात उशाला घेऊन झोपली, तर नसलेली घसरण दाखवते. बसवल्याच्या पहिल्या दिवशी आकडे जरा वेडेवाकडे येतात. पावसाळ्यात चिकटपट्टी सुटते, वरून दुसरी लावावी लागते. म्हणून दप्तरात बोट टोचायचं यंत्र आणि पट्ट्याही असतात. आकडा एक सांगतो आणि अंगाला दुसरंच जाणवतंय असं झालं की बोटाचा थेंब खरा धरायचा.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या कोणाचाही हेतू वाईट नव्हता.

घटक चाचणी चालू होती. दप्तरांची तपासणी झाली आणि तिचा फोन सापडला. तो का आहे हे तिने सांगितलं. वर्गावर त्या दिवशी दुसरेच सर होते, त्यांना काही ठाऊक नव्हतं. नियम म्हणजे नियम, म्हणून फोन कार्यालयातल्या लोखंडी कपाटात गेला. कार्यालय मैदानाच्या पलीकडे आहे. चकती आणि फोन ब्लूटूथने बोलतात, आणि त्यांचा आवाज फार तर एका खोलीपुरता पोचतो, आठ-दहा मीटर. मधे भिंती आल्या की त्याहूनही कमी. तिच्या फोनवरचा आकडा इंटरनेटवरून माझ्या फोनवर येतो. त्या दिवशी साडेअकराला तो यायचा थांबला. माझ्या फोनवर फक्त "सिग्नल नाही" एवढं आलं. शेवटचा आकडा ८४ होता आणि बाण तिरका खाली होता.

मी शाळेत तीन वेळा फोन लावला, कोणी उचलला नाही. परीक्षेची गडबड, मी समजू शकते. हातातलं ब्लाउज तसंच मशीनखाली टाकून गाडीवर निघाले. वर्गात पोचले तेव्हा ती बाकावर डोकं ठेवून होती. झोपली आहे असं वाटल्यामुळे तिला एकदा उभं केलं होतं, पुन्हा बसली होती. उत्तरपत्रिकेच्या दुसऱ्या पानावर एकच ओळ चार वेळा लिहिलेली होती, चौथ्यांदा ती ओळ खाली घसरत गेली होती. बोट टोचलं, आकडा ४८. तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ग्लुकोज पावडरचा डबा होता, तिच्या हातापासून दोन फुटांवर. पण डबा उघडायचा असतो हे तिला त्या वेळी सुचत नव्हतं. फोन जवळ असता तर सत्तरला तो मोठ्याने वाजला असता. ती शुद्धीवर असताना, हात चालत असताना वाजला असता.

त्या सरांच्या डोळ्यांत नंतर पाणी आलं होतं. "ताई, मला कुणी सांगितलंच नाही," एवढंच ते म्हणाले. त्या वाक्यासाठी हे पत्र आहे.

शाळेत मोबाइल नको या नियमाच्या मी बाजूची आहे. घरी मीही तिच्या धाकट्या भावाच्या हातातून तो काढून घेते. तिच्या फोनवर खेळ नाहीत, इन्स्टाग्राम नाही, हवं तर शाळेने तपासावं. पण चष्मा काढून ठेव आणि फळा वाच, असं आपण कुठल्या मुलाला म्हणत नाही. फोन कपाटात ठेवून शुद्धीवर राहा, हे तसंच आहे.

एका बाईंनी चांगल्या मनाने सुचवलं होतं, फोनऐवजी साखर मोजणारं मनगटी घड्याळ घेऊन द्या, जाहिरातीत दोन हजाराला मिळतं. कातडीला छेद न देता रक्तातली साखर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आपण मंजूर केलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे. असं घड्याळ कोणाच्या पाल्याच्या हातात दिसलं तर शिक्षकांनी पालकांना सावध करावं. त्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन टोचलं तर मूल जाऊ शकतं.

शाळेकडून मला काय हवं आहे ते सांगते. फार नाही.

वर्षाच्या सुरुवातीला, जूनमध्ये, आईवडिलांना बोलावून एक पान लिहून घ्या. मुलाला कोणता आजार, इन्सुलिन कधी, साखर घसरली की काय द्यायचं, फोन कोणाला लावायचा. ते पान वर्गशिक्षकांपुरतं ठेवू नका. बदली तासाला येणारे, खेळाचे, पोषण आहार वाढणाऱ्या ताई, सगळ्यांनी ते एकदा वाचलेलं असावं. आमच्या बाबतीत घात झाला तो वर्गशिक्षक रजेवर असल्याच्या दिवशी.

फोन किंवा आकडा दाखवणारं यंत्र मुलाच्या अंगाजवळ असू द्या. आवाज बंद करायला लावू नका. तो वाजला की मुलाने परवानगी न मागता खायला हवं, तासाला, परिपाठाला, राष्ट्रगीत संपताक्षणी, कुठेही. तीन चमचे साखर पाण्यात, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर. बिस्किटांचा पुडा त्या वेळी उपयोगाचा नाही, चॉकलेट तर नाहीच, त्यातल्या स्निग्धाने साखर रक्तात सावकाश चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच द्यायचं. आणि अशा मुलाला "कार्यालयात जाऊन ये" म्हणून एकटं पाठवू नका. जिन्यात पडतात ती मुलं. शुद्ध हरपलीच तर तोंडात काही घालू नका, अगदी पाणीही नको. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

साखर जास्त असताना लघवीला वारंवार लागते, तहान लागते. तेव्हा पाण्याची बाटली आणि बाहेर जायची मुभा द्यावी. एवढ्यासाठी एखादी मुलगी वर्गासमोर हात वर करून तीनदा विचारते आणि तीनदा सगळे हसतात, तेव्हा चौथ्यांदा ती विचारत नाही.

आणखी एक. तिचा आकडा वर्गात मोठ्याने वाचू नका, पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिच्याबद्दल लिहू नका. कोणाला किती सांगायचं हे तिला ठरवू द्या.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण या आजाराचं अर्धं दुखणं लपवण्यात आहे. निदान झालं त्याच आठवड्यात आमच्याच घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, मुलीची जात आहे, बाहेर बोलू नका, पुढे लग्नाला अडचण येईल. दोन वर्षं मी ऐकलं. सहलीला पाठवलं नाही, कारण पाठवायचं तर सांगावं लागलं असतं. मधल्या सुट्टीत ती शौचालयात जाऊन इन्सुलिन टोचत होती, त्या ओल्या, वास मारणाऱ्या जागेत, कडीला दप्तर अडकवून. तिने हे मला सांगितलं त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन सगळं सांगितलं. चकती लावल्यावर तिने पहिल्यांदा मागितली ती पूर्ण बाहीची कुर्ती. मी शिवून दिली. या वर्षी तिने स्वतःच अर्ध्या बाहीचा गणवेश मागितला. दंडावर काय आहे असं मैत्रिणींनी विचारलं तर ती आता बाणाचा अर्थ समजावून सांगते. दोघीतिघी तर आता लांबून बघून ओळखतात की हिचा बाण खाली असणार. आम्हाला शाळेतून मिळालेलं सगळ्यात भक्कम संरक्षण त्या मुलींचं आहे.

आता केंद्रसंचालकांना. पुढच्या वर्षी तिची दहावी. कॉपी थांबवण्यासाठी तुम्ही जे करता ते अवघड काम आहे, आणि अभ्यास करून येणाऱ्या माझ्या मुलीच्या बाजूचंच आहे. पण तीन तासांच्या पेपरात ताण असतो, सकाळचं जेवण धड झालेलं नसतं, आणि साखर घसरायला यापेक्षा चांगली संधी नसते. दरवाजात तपासणी करणाऱ्यांना दंडावरची चकती दिसली तर ते ब्लूटूथचं यंत्रच आहे. हात लावून ती ओढून काढली तर तार बाहेर येते, ती पुन्हा बसत नाही. एका चकतीला आम्ही चार-पाच हजार मोजतो. पैशाचंही जाऊ द्या, त्या पेपरापुरती ती मुलगी आंधळी होते.

यातून मार्ग आहे. फोनमधलं सिम काढून, विमान मोडवर टाकून, नुसतं ब्लूटूथ चालू ठेवता येतं. इंटरनेट नाही, कॉल नाही, पण आकडा येत राहतो आणि घसरला की आवाज होतो. असा फोन त्याच खोलीत पर्यवेक्षकांच्या टेबलावर, पडदा वर करून ठेवावा. मुलाच्या हातात द्यायचीही गरज नाही. काही सेन्सरांसोबत वेगळं वाचकयंत्र मिळतं, त्यात सिमही नसतं, इंटरनेटही नसतं. ते असेल तर उत्तमच. बाकावर साखरेची गोळी आणि पाणी असू द्यावं. वाजलाच तर खाऊन आकडा वर येईपर्यंत जी पंधरावीस मिनिटं जातील ती शेवटी भरून द्यावीत.

हे मी नव्याने शोधून मागत नाही. केंद्रीय मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, २०१७ मध्येच टाइप १ च्या मुलांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं, पाणी नेऊ दिलं, आणि पुढे ग्लुकोमीटर, साखर सतत मोजणारी यंत्रं, इन्सुलिन पंप यांनाही मुभा दिली. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना या मुलांबद्दल पत्र पाठवलं, आणि उत्तर प्रदेशाने त्याच वर्षी आपल्या शाळांना सूचना काढल्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२२ मध्ये टाइप १ साठी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली आहेत. कागदाची उणीव नाही. मला भीती आहे ती सकाळी साडेदहाला दरवाजात उभ्या असणाऱ्या त्या एका माणसाची, ज्याच्यापर्यंत कुठलाच कागद पोचलेला नसेल. म्हणून केंद्रावर जी बैठक होते, त्यात या मुलांसाठी दोन मिनिटं ठेवा. कोणत्या वर्गात, कोणत्या बाकावर असं मूल बसणार आहे, हे त्या दिवशीच्या पर्यवेक्षकाला आणि भरारी पथकाला आदल्या दिवशी ठाऊक असावं. शाळेने पत्र द्यावं, डॉक्टरांचा दाखला जोडावा, मूल स्वतः परीक्षेच्या सकाळी कोणाला काही पटवून देत बसणार नाही, एवढं बघावं.

माझी मुलगी त्यातल्या त्यात नशीबवान आहे, हे मला माहीत आहे. चकती परवडत नाही अशा घरांची मुलं पुष्कळ आहेत. आम्हालाही बारा महिने परवडत नाही, परीक्षा आणि आजारपण बघून लावतो. किमतीबद्दल लिहायचं ते दुसऱ्या दाराशी लिहीन. पण ज्यांच्याकडे चकती नाही त्यांना बोट टोचायची सुई, पट्ट्या आणि यंत्र वर्गात काढता आलं पाहिजे, बाकावर बसून, सगळ्यांसमोर, न लाजता. सुई बघून एखाद्या शिक्षकाने दचकून ते जप्त केलं तर त्या मुलाकडे दुसरं काहीच उरत नाही.

या वर्षीच्या गणवेशाला मी आतून एक खिसा शिवला आहे, डाव्या बाजूला, फोन मावेल एवढाच, वर चेन. चकती डाव्या दंडावर, फोन डाव्या खिशात. सध्या ती ज्या शाळेत आहे तिथल्या बाईंनी तो खिसा स्वतः बघितला, त्यात फोन आहे की नाही हे त्या रोज परिपाठाच्या आधी तिला नुसत्या नजरेने विचारतात, आणि ती मान हलवते.

कुठल्याही शाळेने शिक्षकांच्या सभेत वीस मिनिटं दिली तर आम्ही दोघी येऊ. एसटीने जाऊन संध्याकाळपर्यंत परतता येईल इतक्या अंतरावर कुठेही. एक वापरून झालेली चकती मी जपून ठेवली आहे, ती हातात घेऊन बघता येईल, तार किती मऊ आहे ते बोटाला कळेल. बाणाचं ती स्वतः सांगेल, माझ्यापेक्षा चांगलं सांगते.

आपली,
नववीतल्या एका मुलीची आई